गाडी आपली, बॅटरी भाड्याची? अंबाजोगाईत बसून केलेला हिशेब

"ताई, बॅटरीची गाडी घ्यायची म्हणतोय. विकत घ्यावी की लीजवर?" हा प्रश्न सध्या मला कुठंही गाठतो. लॅबच्या काउंटरवर, लग्नाच्या पंगतीत, परवा तर योगेश्वरीच्या देवळाबाहेर चपला घालताना. प्रत्येकाला उभ्या-उभ्या सांगून भागत नाही, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

माझं मत आधीच सांगून टाकते. स्वतःचं घर असेल, महिन्याचं रनिंग दीड-दोन हजार किलोमीटर असेल आणि गाडी सात-आठ वर्षं ठेवायची तयारी असेल, तर विकतच घ्या. कंपनीची लीज (नोकरी देणाऱ्या कंपनीमार्फत काही वर्षांच्या कराराने भाड्याने घेतलेली गाडी), महिन्याच्या भाड्याची सबस्क्रिप्शन आणि नुसती बॅटरी भाड्याने घेणं, हे तिन्ही पर्याय मी गाडी घेण्याआधी कागदावर मांडून पाहिले होते. तिन्हींची मेख एकच आहे. इलेक्ट्रिक गाडी जितकी जास्त पळवाल तितकी ती परवडते, आणि भाड्याचा करार नेमका त्या पळण्यावरच पैसे लावतो. पुण्या-मुंबईत दिवसाला वीस किलोमीटर फिरणाऱ्याला ते टोचत नाही. आपल्याकडे साधं एमआरआय करायचं म्हटलं तरी लातूर गाठणारी माणसं आहेत. आपल्याला ते टोचतं.

मी अंबाजोगाईत पॅथॉलॉजी लॅब चालवते. केज, परळी आणि धारूरला आमची कलेक्शन सेंटर आहेत. सकाळी उपाशीपोटी घेतलेलं रक्त वेळेत लॅबमध्ये यावं लागतं. सीरम वेगळं करायला उशीर झाला की पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं आणि साखर खोटीच उतरलेली. त्या आकड्यावर डॉक्टर औषध लिहिणार असतात, त्यामुळे आमची गाडी पावसात निघते आणि मे महिन्याच्या उन्हातही निघते. रोजचे ऐंशीएक किलोमीटर, म्हणजे महिन्याचे दोन हजारांच्या घरात. २०२४च्या दिवाळीत आम्ही पेट्रोलची गाडी काढून टाटांची नेक्सॉन ईव्ही ही इलेक्ट्रिक गाडी घेतली, ४५ किलोवॉट-तासांच्या बॅटरीची. ऑन-रोड पंधरा लाखांच्या आत-बाहेर पडली. तशीच पेट्रोलची घेतली असती तर तीन-साडेतीन लाख वाचले असते. सगळा वाद या तीन-साडेतीन लाखांचाच आहे.

पेट्रोल आमच्याकडे १०५च्या आसपास. मराठवाड्यात ते नेहमीच चढं असतं. परभणीचा दर राज्यात सगळ्यात जास्त म्हणून कितीदा पेपरात आलाय, कारण टँकर मनमाडहून येतो आणि वाहतुकीचा खर्च लिटरवर बसतो. आमची जुनी गाडी गावातल्या-घाटातल्या रस्त्यांवर पंधराचं अ‍ॅव्हरेज द्यायची, म्हणजे किलोमीटरला सात रुपये आणि महिन्याचे चौदा हजार. आताची गाडी मीटरवरच्या एका युनिटमागे सहा-सव्वासहा किलोमीटर जाते. चार्जिंगमध्ये जी वीज वाया जाते तीही यात धरली आहे. शोरूमवाले ही तूट धरत नाहीत, म्हणून त्यांचा आकडा नेहमी गोड वाटतो. महिन्याला तीनशेच्या थोडे वर युनिट गाडी खाते. घराचा वापर दीडशेचा. म्हणजे गाडीची अर्धी वीज १०१ ते ३००च्या स्लॅबमध्ये बसते आणि अर्धी ३००च्या वर जाते, तिथे युनिट पंधरा-सोळा रुपयांपुढे पडतं. सगळं मिळून गाडीपोटी लाईटबिल साडेचार-पाच हजारांनी वाढतं. तरी महिन्याला नऊ हजार वाचतात. वर्षाला लाखाच्या वर. तीन-साडेतीन लाखांचा फरक तीन-साडेतीन वर्षांत भरून निघतो, आणि ऑइल, फिल्टर, क्लचप्लेट हे खर्च तर नाहीतच.

आता बॅटरी भाड्याने घेण्याचं बघा. सप्टेंबर २०२४मध्ये एमजी कंपनीने विंडसर ही इलेक्ट्रिक गाडी आणली तेव्हापासून हा प्रकार सगळ्यांच्या तोंडी झाला. तेव्हा बॅटरीसकट गाडी साडेतेरा लाखांपासून होती आणि बॅटरी भाड्याने घेतली तर ९.९९ लाखांपासून, वर किलोमीटरला साडेतीन रुपये. दहा लाखांच्या आत एवढी मोठी गाडी दिसली की माणूस हरखतो, आणि गाडी चांगलीच आहे. पण साडेतीन लाखांची बॅटरी आणि साडेतीन रुपये किलोमीटर, एवढे दोनच आकडे समोरासमोर ठेवा. एक लाख किलोमीटर झाले की बॅटरीची किंमत भाड्यातून फिटली. माझ्या रनिंगने चार वर्षं आणि वर दोन महिने. त्यानंतर? बॅटरी तरीही तुमची नाही, भाडं चालूच.

कुणी म्हणेल, रोख साडेतीन लाख आणायचे कुठून? ठीक आहे, कर्ज धरू. साडेतीन लाखांना ९ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता सव्वासात हजारांच्या आसपास बसतो. दोन हजार किलोमीटरचं बॅटरीचं भाडं सात हजार. म्हणजे महिन्याला खिशातून जाणारी रक्कम जवळपास तेवढीच. फरक एवढाच, की हप्ता पाच वर्षांनी थांबतो. आणि भाड्यात लाईटबिल मिळवलं की किलोमीटरला सहा रुपयांच्या घरात खर्च जातो. मग पेट्रोल काय वाईट होतं?

कमी फिरणाऱ्याला लीजची हद्द टोचत नसेल, पण बॅटरीच्या भाड्यात त्याचं याहून वाईट. विंडसरच्या योजनेत महिन्याला किमान १५०० किलोमीटरचं भाडं धरलं गेलं, म्हणजे गाडी दारात उभी राहिली तरी सव्वापाच हजार. केजचे एक शिक्षक आमच्याकडे शुगर तपासायला येतात, त्यांनी मला या योजनेचं पत्रक दाखवलं. त्यांचं महिन्याचं रनिंग सहाशेच्या पुढे जात नाही, पेट्रोलला चार-सव्वाचार हजार लागतात. त्यांना मी स्पष्ट सांगितलं, सर, आहे ती गाडी नीट सर्व्हिसिंग करून वापरा. इलेक्ट्रिक विकत घेऊनही तुमचे पैसे लवकर निघणार नाहीत, आणि बॅटरीच्या भाड्यात तर उलट तुम्हीच महिन्याला जास्त भराल.

लीजची बाजू मांडणारा आमच्या घरातच आहे. माझा दादा पुण्यात हिंजवडीला नोकरीला आहे, त्याची इलेक्ट्रिक गाडी कंपनीच्या लीजवर. दिवाळीला आला की आमचा हा विषय हमखास निघतो. "अगं, तीन वर्षं वापरायची, सोडून द्यायची, नवी घ्यायची. टायर त्यांचे, इन्शुरन्स त्यांचा. आणि पगारातून भाडं टॅक्सच्या आधीच कापलं जातं." त्याचं खोटं नाही. तो वरच्या स्लॅबमध्ये आहे, त्यामुळे भाड्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा त्याला टॅक्समधून सुटतो. त्याच्यासाठी लीजच बरोबर, हे मी त्याला तोंडावर सांगते. पण त्या फायद्याचा इलेक्ट्रिकशी संबंध नाही, तो पगाराचा आणि टॅक्सचा फायदा आहे. मोठी नोकरी नसेल तर तो मिळत नाही. शिवाय त्याच्या करारात वर्षाला पंधरा हजार किलोमीटरची हद्द आहे, वरच्या प्रत्येक किलोमीटरला वेगळे पैसे. माझं रनिंग वर्षाला चोवीस हजार. नोकरी सोडली तर करार मोडायचे पैसे, नाहीतर नव्या कंपनीने तो करार घ्यायला हवा.

धंदा करणाऱ्याला वेगळा रस्ता आहे, तो फार लोकांना माहीत नसतो. गाडी धंद्याच्या हिशेबात दाखवली तर इलेक्ट्रिक गाडीवर वर्षाला ४० टक्के घसारा (गाडीची किंमत घटते म्हणून उत्पन्नातून मिळणारी वजावट) मिळतो, साध्या गाडीवर १५ टक्के. आमच्या सीएंनी हे दाखवलं तेव्हा लीजचा उरलासुरला मोहही गेला. आणि एक सांगते, ईव्हीच्या कर्जावरच्या व्याजाला दीड लाखांची सूट मिळते असं अजूनही लोक ठासून सांगतात. ती ३१ मार्च २०२३पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. शोरूममध्ये कुणी ती हिशेबात धरून दाखवली तर तो कागद बाजूला ठेवा.

महिन्याच्या सबस्क्रिप्शनचं थोडक्यातच सांगते. एका कंपनीच्या साईटवर आमचा पिनकोड टाकला, तर सेवा उपलब्ध नाही. फोन केला तर म्हणे पुण्याला येऊन गाडी घेऊन जा, पण बिघडली तर आणून द्यायची जबाबदारी तुमची. मग भाडं कशाचं द्यायचं?

मला वाटतं, आपल्याकडे खरी चौकशी गाडीची करायच्या आधी घरच्या विजेची करायला हवी. त्यातही अर्थिंगची. यावर कुणी बोलत नाही म्हणून मी जरा सविस्तर लिहिते.

चार्जर लावून दिला त्या हिवाळ्यात सगळं सुरळीत चाललं. एप्रिल सरता-सरता चार्जरवर लाल दिवा यायला लागला. गन (गाडीत लावायचा चार्जरचा प्लग) लावली की दोन मिनिटं चालू, मग बंद. कधी रात्री अकराला लावलेली गाडी पहाटे तशीच, टक्का वाढलेला नाही. कंपनीचा माणूस येईपर्यंत आमच्या वायरमन काकांनीच दुखणं ओळखलं. आपली जमीन काळी. पावसाळ्यात चिखल, आणि उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा. अर्थिंगची सळई ज्या मातीत पुरलेली असते ती माती वाळून सळईपासून सुटते, मग अर्थिंग नावाला राहतं. फ्रिज, पंखे, टीव्ही बिनबोभाट चालतात, त्यांना त्याचं काही वाटत नाही. गाडीचा चार्जर मात्र आधी अर्थिंग तपासतो आणि मिळालं नाही तर वीज घेतच नाही. ते बरंच आहे, ओल्या हाताने गन धरणाऱ्या माणसाचा जीव त्यावर असतो.

काकांनी जुना खड्डा उकरला. सळईभोवती मूठभर ढेकळं आणि मध्ये बोटभर पोकळी. नवी तांब्याची पट्टी खोल घातली, भोवती कोळसा आणि मिठाचे थर दिले, वर एक पाईप उभा केला. उन्हाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी त्या पाईपात बादलीभर पाणी ओतायचं. आरओचं जे पाणी वाया जातं तेच आम्ही तिथे देतो. त्यानंतर लाल दिवा दिसलेला नाही. खर्च फार नाही, पण गाडी घेण्याच्या आधी हे करून घ्या. सोबत महावितरणकडे मंजूर भार वाढवून घ्या. ७.२ किलोवॉटचा चार्जर आणि एसी एकदम चालले तर तीन किलोवॉटच्या कनेक्शनचं काय होणार ते सांगायला नको. पंधरा अँपिअरच्या साध्या सॉकेटवरही गाडी चार्ज होते, पण रिकामी गाडी भरायला रात्र पुरत नाही.

आणि हे सगळं भाड्याच्या घरात करता येत नाही. इथल्या स्वामी रामानंद तीर्थ मेडिकल कॉलेजात तीन वर्षांच्या पीजीसाठी येणारी डॉक्टर मुलं मला विचारतात, तेव्हा मी त्यांना विकत घ्या म्हणत नाही. घरमालक अंगणात खड्डा खणू देणार नाही, तीन वर्षांनी कुठे जायचं ते ठरलेलं नाही. त्यांच्यासाठी लीज असती तर उत्तम झालं असतं. नेमकी ती इथे मिळत नाही.

लाईट जाण्याची भीती लोक फार घालतात. लाईट जाते, खरं आहे. पण गाडीला रात्रीचे दहा तास मिळतात आणि तिची गरज दोन-अडीच तासांची असते. लाईट आली की चार्जिंग आपोआप सुरू होतं. डीपी (गल्लीतला ट्रान्सफॉर्मर) जळाला आणि दोन-तीन दिवस अंधार झाला तर मात्र अडचण येते. म्हणून आम्ही गाडी कधी चाळीस टक्क्यांच्या खाली ठेवत नाही.

वाढलेल्या स्लॅबवर उपाय छतावर आहे. ऊन ही आपल्याकडे भरपूर मिळणारी एकमेव गोष्ट. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८ हजारांचं अनुदान आहे. तीन किलोवॉटचे पॅनल दिवसाला सरासरी बारा युनिट देतात, महिन्याचे साडेतीनशेच्या आसपास. माझ्या गाडीची भूक तेवढीच. दिवसा महावितरणला दिलेली वीज रात्री नेट मीटरवर परत घ्यायची. आम्ही गेल्या वर्षी पॅनल बसवले आणि लाईटबिलातली ती साडेचार-पाच हजारांची वाढ बहुतेक मिटली. पॅनलचा खर्च निघायलाही थोडी वर्षं लागतील, ती मी धरते. पण इथेही हिशेब तोच सांगतो. वीज फुकटात पडली तरी भाड्याच्या बॅटरीचे साडेतीन रुपये द्यावेच लागतात. बॅटरी आपली असेल तरच ते ऊन आपल्या खिशात पडतं.

लीजच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवलाय, कारण तो उडवून लावण्यासारखा नाही. जुन्या इलेक्ट्रिक गाडीला भाव येत नाही. जानेवारी २०२०ला नेक्सॉन ईव्ही आली तेव्हा बॅटरी ३०.२ किलोवॉट-तासांची होती आणि कागदावरची रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये जाणारं अंतर, ३१२ किलोमीटर. २०२४ला त्याच नावाची गाडी ४५ किलोवॉट-तास आणि कागदावर ४८९ किलोमीटर. आता २०२०ची गाडी कोण कशाला घेईल? ही घसरण लीजमध्ये कंपनीच्या डोक्यावर जाते, विकत घेतली तर आपल्या. दादाचा हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. दर तीन-चार वर्षांनी गाडी बदलणाऱ्याने इलेक्ट्रिक विकत घेऊच नये.

पण आपण गाडी बदलतो कधी? आमच्या आधीच्या गाडीने अकरा वर्षं काढली. शेजारच्या आडत दुकानदारांची जीप त्याहून जुनी आहे. एवढी वर्षं ठेवायची तर भाव किती आला असता यापेक्षा बॅटरी किती टिकेल हे महत्त्वाचं. साधारण वॉरंटी ८ वर्षं किंवा १.६ लाख किलोमीटर, जे आधी होईल ते. हे 'जे आधी होईल ते' आपल्या लोकांनी नीट वाचावं. वर्षाला चोवीस हजार फिरलं तर पावणेसात वर्षांच्या आतच किलोमीटर संपतात. २०२५मध्ये टाटांनी नेक्सॉन ४५च्या बॅटरीला पंधरा वर्षांची वॉरंटी जाहीर केली, किलोमीटरची अट नाही, पण पहिल्या खासगी मालकापुरती. म्हणजे गाडी विकली की ते संरक्षण गेलं. ज्याला गाडी ठेवायचीच आहे त्याच्या पथ्यावर पडणारी ही अट आहे.

रेंजचं खरं सांगायचं तर कागदावरच्या ४८९ला आम्ही सव्वातीनशे धरतो. मे महिन्यात एसी लावून त्याहून कमी. परळीला उतरताना टक्का हलत नाही, येताना बालाघाट चढायचा असतो, तिथे तो भराभर उतरतो. नमुन्यांची पेटी मागच्या सीटवर ठेवून केजच्या सेंटरसमोर अर्धा तास थांबावं लागलं तरी एसी चालू ठेवता येतो, इंजिन धडधडत नाही. मला हा फायदा पैशांइतकाच मोलाचा वाटतो. पुण्याला जाताना वाटेत जेवायला थांबतो तिथेच गन लावतो. चार्जर बंद असण्याची शक्यता धरून पुढचा चार्जर आधीच बघून ठेवावा लागतो. समृद्धीवर इलेक्ट्रिक गाडीला टोल माफ आहे, पण तिथे १२०ने पळवलीत तर रेंज बघता-बघता गळते. शंभरच्या आत राहा.

परळीच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या रोज दिसतात, त्यामुळे गाडी प्रदूषणमुक्त आहे असं मी कुणाला सांगत नाही. कोळसा कुठे जळतो आणि राख कुठे पडते हे आम्ही जवळून पाहतो. २०१५ला पाणी नाही म्हणून ते केंद्रच बंद ठेवावं लागलं होतं. वीजही आपल्याकडे पाण्यावर अवलंबून आहे. पॅनल बसवायचं हेही एक कारण होतं.

आता पुढचं. संभाजीनगरच्या लोकांनी २०१०ला एकत्र येऊन दीडशे मर्सिडीज एकदम घेतल्या होत्या, त्याची देशभर चर्चा झाली. त्याच शहरात २०२२च्या सुमारास ग्रीन मोबिलिटीच्या नावाने अडीचशेच्या आसपास इलेक्ट्रिक गाड्यांची एकगठ्ठा मागणी नोंदवली गेली. आता तर शहराजवळच्या बिडकीनला एथर आणि टोयोटाचे कारखाने येऊ घातलेत. भाडं भरण्यापेक्षा मला ही एकत्र खरेदीची वाट आपल्यासाठी बरी वाटते. अंबाजोगाई आणि परळीतले काही डॉक्टर, दोन आडत दुकानदार आणि एक कोचिंगवाले सर अशी आमची नावं जमतायत. किमतीत सूट मिळेलच, पण आमची पहिली मागणी ती नाही. हाय व्होल्टेजचं काम येणारा मेकॅनिक महिन्यातून ठरलेल्या दिवशी अंबाजोगाईला बसला पाहिजे, कारण आज त्यासाठी आम्हाला लातूर गाठावं लागतं. दुसरी मागणी, परळी किंवा केजमध्ये एक फास्ट चार्जर. डीलरशी पुढच्या आठवड्यात बसणार आहोत. कुणाला यायचं असेल तर आपलं महिन्याचं रनिंग आणि गेल्या तीन महिन्यांची लाईटबिलं घेऊन लॅबवर या, दुपारी तीननंतर. ज्यांचा हिशेब बसत नाही त्यांना मी घेऊ नका असंच सांगेन.